बॅटरी लावली की रात्रीचा प्रश्न सुटला का?

कातरवेळ
गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चाललाय. धाकट्या भावाचं म्हणणं, सौर आणि पवन वीज स्वस्त झालीये, बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त होतायत, तेव्हा भरपूर पॅनल लावा, भरपूर बॅटऱ्या लावा, कोळसा बंद करा, विषय संपला. माझं म्हणणं, इतकं सरळ असतं तर एव्हाना सगळीकडे झालं नसतं का?
मग मी स्वतःच वाचायला बसले आणि अजूनच गोंधळले. जिथे तिथे "१०० मेगावॅटची बॅटरी", "४ तासांची बॅटरी" असं लिहिलेलं. आता रात्र काय ४ तासांची असते? सूर्य मावळतो तो उगवेपर्यंत १२ तास जातात, मग ही ४ तासांची बॅटरी नक्की कुणाला पुरणार? आणि पुरत नसेल तर एवढे देश ती का लावत सुटलेत? इथे वीज क्षेत्रातले बरेच जण आहेत, जरा नीट समजावून सांगा. मला भावाला हरवायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

मीटरवाला
आधी मेगावॅट आणि मेगावॅट-तास वेगळे करू, कारण निम्म्या बातम्या तिथेच घोळ घालतात. पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. मेगावॅट म्हणजे तोटी केवढी, एका वेळी किती धार पडेल. मेगावॅट-तास म्हणजे टाकी केवढी. १०० मेगावॅट/४०० मेगावॅट-तास म्हणजे तोटी पूर्ण सोडली तर टाकी ४ तासांत रिकामी. पण तोटी पूर्ण सोडायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? अर्धीच सोडा, तीच बॅटरी ५० मेगावॅटने ८ तास चालेल. तेव्हा "४ तासांची" म्हणजे चार तासांनी मरणारी नव्हे, पूर्ण ताकदीने चार तास टिकणारी. हे एवढं भावाला सांगितलंत तरी वाद निम्मा मिटेल.

फिरकी
वाचतेय. वाचनखूण साठवली.

जुना_फीडर
कातरवेळ ताई, प्रश्न चांगला आहे पण तुम्ही तासांपासून सुरुवात केलीत, मी सेकंदांपासून करतो, कारण माझी सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली आणि तिथे तास फार लांबची गोष्ट असते.
भिंतीवर फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याचा, मोठा आकडा असायचा. ४९.९७, ५०.०२, ४९.९९, असा सतत हलता. जेवताना, फोनवर बोलताना, रजिस्टर लिहिताना एक डोळा त्याच्यावर. वीज जितकी वापरली जाते तितकीच त्याच क्षणी तयार झाली तर तो ५० वर राहतो, कमी पडली की खाली येतो. कुठला मोठा संच, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, अचानक सुटला, म्हणजे बंद पडला की तो आकडा खाली घसरताना दिसायचा आणि फोन वाजायच्या आधीच खोलीतले सगळे गप्प व्हायचे.
त्या वेळी पहिली मदत कुठून मिळायची? फिरणाऱ्या यंत्रांच्या वजनातून. जातं दळताना हात सोडला तरी वरचा दगड दोन फेरे स्वतःच घेतो ना, तसं. शेकडो टनांचे रोटर फिरत असतात, त्यांच्यातली गती थोडी खर्च होते आणि आपल्याला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात बाकीच्या संचांचे वेग सांभाळणारे गव्हर्नर वाफेचे नाहीतर पाण्याचे दरवाजे जास्त उघडतात. पण बॉयलरची ताकद खऱ्या अर्थाने वाढायला मिनिटं लागतात.
आता सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. कोळशाचे संच जसजसे कमी होतात तसतसा तो जात्याचा दगड हलका होत जातो आणि आकडा पूर्वीपेक्षा वेगाने घसरतो. इथे बॅटरी लागते. तिला वाफ नको, पाणी नको. फ्रिक्वेन्सी घसरली हे कळल्यापासून सेकंदाच्या अंशात ती वीज सोडते. आणि ज्यादा वीज असेल तर तितक्याच चपळाईने ओढूनही घेते, जे कुठल्याच औष्णिक संचाला जमणार नाही.
दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हॉर्न्सडेल बघा. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात टॉवर पडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्या वर्षी टेस्ला कंपनीच्या इलॉन मस्कने पैज लावली की करार झाल्यापासून १०० दिवसांत बॅटरी उभी करतो, नाही झाली तर फुकट. १ डिसेंबर २०१७ ला १०० मेगावॅट/१२९ मेगावॅट-तासांची बॅटरी चालू झाली. म्हणजे पूर्ण ताकदीने जेमतेम सव्वा तासाची. रात्र काढायला नाही, ग्रिड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, सावरायला. दोनच आठवड्यांत, १४ डिसेंबरला, साधारण १००० किमीवरचा, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या लॉय यांगचा ५६० मेगावॅटचा कोळसा संच सुटला आणि या बॅटरीने डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज सोडली. ते वाचलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण अंगावर काटा आला.

सडेतोड
जुना_फीडर काका, आदर आहे पण ही गोष्ट दर वेळी अर्धीच सांगितली जाते. त्या दिवशी हॉर्न्सडेलने सोडलेली वीज ७ मेगावॅटच्या आसपास होती. गेली होती ५६०. बाकी सगळा भार दुसऱ्या जुन्या संचांनी उचलला. बॅटरीने ग्रिड वाचवलं असा जो गाजावाजा झाला तो बरोबर नाही.

जुना_फीडर
बरोबर बोललात, आकडा तेवढाच होता आणि ग्रिड एकट्या बॅटरीने वाचवलं असं मी म्हणणारही नाही. मला काटा आला तो वेगामुळे. ७ मेगावॅट का, तर फ्रिक्वेन्सी ४९.८ पर्यंतच घसरली होती आणि बॅटरीला जेवढ्यास तेवढं द्यायची सेटिंग होती. जास्त घसरली असती तर जास्त दिली असती.
आणि उलटं उदाहरण पण देतो. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये वीज कोसळल्यावर एक गॅस केंद्र आणि एक समुद्रातला पवन प्रकल्प जवळजवळ एकदमच सुटले. फ्रिक्वेन्सी ४८.८ वर गेली आणि १० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज आपोआप तोडावी लागली. तिथे बॅटऱ्या होत्या, त्यांनी साथही दिली, पण गेलेली वीज राखीव ठेवलेल्या विजेपेक्षा जास्त होती. म्हणजे बॅटरी आहे एवढं पुरत नाही, किती आहे आणि त्या क्षणी ती किती भरलेली आहे हे बघावं लागतं.

ऊनसावली
सेकंदांचं झालं, आता तासांचं मी सांगते, कारण कातरवेळचा मूळ प्रश्न तोच आहे.
कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज इतकी असते की ग्रिडची उरलेली मागणी खाली बसते आणि संध्याकाळी सूर्य उतरतो त्याच वेळी लोक घरी येतात, एसी चालू होतात, मागणी उभी चढते. आलेख बदकासारखा दिसतो म्हणून २०१३ पासून त्याला डक कर्व्ह म्हणतात. बदकाचं पोट दुपारी, मान संध्याकाळी.
ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेच्या लाटेत दोन संध्याकाळी तिथे पाळीपाळीने वीज तोडावी लागली. वेळ बघा, भर दुपारी नाही. संध्याकाळी साडेसहा-सातनंतर, सौर उतरल्यावर. कमतरता रात्रभराची नव्हती, काही तासांची होती. मग त्यांनी बॅटऱ्यांचा धडाका लावला. ६ सप्टेंबर २०२२ ला मागणीचा विक्रम झाला, ५२ हजार मेगावॅटच्या वर, आणि त्या संध्याकाळी वीज तोडावी लागली नाही. त्यात एकट्या बॅटरीचं श्रेय नाही, लोकांना मोबाइलवर संदेश गेले आणि त्यांनी वापर खरंच कमी केला, पण बॅटऱ्यांचे ३००० मेगावॅट त्या वेळी नसते तर काय झालं असतं याचा विचार करा. २०२४ मध्ये बॅटऱ्या १० हजार मेगावॅटच्या पुढे गेल्या आणि त्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी थोडा वेळ का होईना, ग्रिडला सर्वात जास्त वीज देणारा स्रोत बॅटरी होता.
म्हणजे ४ तास कशासाठी? बदकाच्या मानेसाठी. रात्री अकरा-बारानंतर मागणी आपसूक उतरते, वारा बऱ्याच ठिकाणी रात्री वाहतो, धरणाचं पाणी दिवसभर राखून रात्री सोडता येतं. शिवाय तिथे नियमही आहे की सलग ४ तास देता येईल तितकीच क्षमता भरवशाची म्हणून मोजायची. त्यामुळे बांधणारे बरोबर ४ तासांचीच बांधतात.

टिचकी
बदकाची मान बॅटरीच्या खांद्यावर :)

मीटरवाला
ऊनसावली, सहमत. एक भर घालतो, जागेची. बॅटरी कुठे ठेवली याला फार महत्त्व आहे. पवनचक्क्या एका टोकाला, शहर दुसऱ्या टोकाला आणि मधली लाइन अपुरी असेल तर भर वाऱ्यात चक्क्या थांबवाव्या लागतात. बॅटरी लाइनच्या अलीकडे ठेवली तर अडलेली वीज साठते आणि लाइन मोकळी झाली की जाते. नवीन लाइन टाकायला जमिनीपासून परवानग्यांपर्यंत वर्षं जातात, बॅटरी त्या मानाने लवकर उभी राहते.

झरोका
मी यातली तज्ज्ञ नाही, पण आमच्या घराच्या मागे असा प्रकल्प उभा राहिलाय म्हणून लिहितेय. पांढऱ्या कंटेनरच्या रांगा, दिवसा काही जाणवत नाही. संध्याकाळी मात्र पंखे सुरू होतात आणि एक सलग घूंऽऽ आवाज येतो, खिडकी बंद केली तरी उशीत ऐकू येतो. बांधण्याआधी बैठक झाली तेव्हा आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, सगळे प्रश्न आगीबद्दल होते आणि उत्तर एकच, "काही होत नाही". नंतर आम्ही पाठपुरावा केल्यावर एका बाजूला भिंत बांधली, आवाज थोडा कमी झाला. माझा विरोध नाही, वीज मलाही हवी. पण आगीचं खरं काय ते कुणीतरी सांगा.

रॅक_नंबर_सात
झरोका ताई, "काही होत नाही" हे उत्तर देणाऱ्याने तुमचा विश्वास घालवला, मला त्याचा राग येतो. मी बॅटरी प्रकल्प चालू करून देण्याचं काम करतो. जे माहिती आहे ते सांगतो.
आग लागते. क्वचित, पण लागते, आणि लागली की पाणी मारून विझत नाही कारण उष्णता सेलच्या आत तयार होते. एक सेल तापतो, त्यातून जळणारे वायू निघतात, शेजारचा तापतो. २०१९ मध्ये ॲरिझोनात एका बंद बॅटरी खोलीत असे वायू साठले, दार उघडल्यावर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. तेव्हापासून वायू ओळखणारे सेन्सर आणि वायू बाहेर काढायची सोय यावर भर आला.
आता दोन आगी शेजारी ठेवून बघा. २०२१ ला ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया बिग बॅटरीच्या चाचणीत एका युनिटमध्ये कूलंट गळला, आग लागली, शेजारच्या एकाला पोचली आणि २१२ पैकी २ जळून थांबलं. जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला लागलेली आग भयंकर होती, आसपासच्या हजारावर लोकांना घरं सोडावी लागली. फरक काय? मॉस लँडिंगचा तो भाग जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीच्या आत होता, हजारो मॉड्यूल एका छपराखाली. आणि सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे होते. आताचे बहुतेक नवे प्रकल्प लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात, ते भडकायला जास्त तापमान लागतं, आणि कंटेनर उघड्यावर, मध्ये अंतर सोडून ठेवतात. तुमच्याकडे कंटेनर उघड्यावर आहेत ही चांगली गोष्ट. तुम्ही तीन गोष्टी लेखी मागा: सेलचं रसायन कुठलं, दोन कंटेनरमधलं अंतर किती, आणि स्थानिक अग्निशमन दलाला प्रत्यक्ष नेऊन दाखवलंय का. तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा "नाही" असं येतं, तिथेच धरा.

झरोका
मनापासून आभार. प्रिंट काढून घेतेय.

सडेतोड
सगळं छान चाललंय पण भावाचं मूळ म्हणणं काय होतं? भरपूर बॅटऱ्या लावा, कोळसा बंद, विषय संपला. त्यावर मी हिशोब मांडतो.
समजा एका प्रदेशाची सरासरी मागणी १०,००० मेगावॅट. एका दिवसाची वीज झाली २ लाख ४० हजार मेगावॅट-तास. हिवाळ्यात कधी कधी आठवडा-दहा दिवस ढगही असतात आणि वाराही पडलेला असतो, जर्मन लोकांकडे त्याला खास शब्द आहे, डुंकेलफ्लाउटे. दहा दिवस पूर्ण बॅटरीवर काढायचे तर २४ लाख मेगावॅट-तास लागतील. आजकालचा २० फुटी कंटेनर साधारण ५ मेगावॅट-तासांचा. म्हणजे ४ लाख ८० हजार कंटेनर. आणि ते वर्षात एकदा-दोनदा वापरायचे.

रॅक_नंबर_सात
सडेतोड, हा हिशोब मला पूर्ण मान्य आहे आणि बॅटरीवाला असूनही मान्य आहे :) खरी गोम शेवटच्या वाक्यात आहे. संध्याकाळची बॅटरी वर्षातून ३०० पेक्षा जास्त वेळा भरते-रिकामी होते, तिचा खर्च तितक्या फेऱ्यांत वाटला जातो. डुंकेलफ्लाउटेची बॅटरी दोन फेऱ्यांत तो खर्च कसा काढणार? सेल नुसते ठेवले तरी म्हातारे होतात. त्यामुळे बॅटऱ्या १५ वर्षांच्या आत ९० टक्के स्वस्त झाल्या तरी हे गणित तसंच राहतं. तिथे दुसरं काहीतरी पाहिजे: मोठी धरणं, लांबच्या प्रदेशांना जोडणाऱ्या लाइन, जास्तीचे पॅनल, आणि सध्या तरी राखीव ठेवलेली गॅस केंद्रं.

ओढाळ
धरणांचा विषय निघाला म्हणून. जगातली जुनी बॅटरी पाण्याचीच आहे. दुपारी पाणी वर चढवा, संध्याकाळी सोडा. वेल्समध्ये डिनॉर्विग डोंगराच्या पोटात आहे, १९८४ पासून, १७२८ मेगावॅट, चक्रं आधीच हवेत फिरती ठेवली असतील तर काही सेकंदांत हजार मेगावॅटच्या वर. अमेरिकेत बाथ काउंटी ३००० मेगावॅटचं, तेही आठ तास देणारं. यंत्रं दशकानुदशकं चालतात, आगीचा प्रश्न नाही. बॅटरीचं एवढं कौतुक चाललंय आणि यांचं नावही कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं.

मीटरवाला
ओढाळ, मुद्दा रास्त आहे. फक्त दोन उंचीवरचे दोन तलाव आणि मध्ये चांगला खडक हे निसर्गाने दिलेलं असावं लागतं आणि बांधायला बरीच वर्षं जातात. बॅटरीला सपाट जमीन आणि सबस्टेशन पुरतं. भरलेल्या विजेतली परत मिळते ती पाण्यातून ७० ते ८० टक्के, लिथियम बॅटरीतून ८५ च्या आसपास.

फिरकी
म्हणजे १०० युनिट भरले तर १५ वाया? हे चालतं?

ऊनसावली
ज्या दुपारी पॅनल बंद ठेवून १०० च्या १०० वाया जाणार होते तिथे ८५ हातात आले, असं बघा. बाकीचे १५ इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि झरोकाला रात्री ऐकू येणाऱ्या त्या पंख्यांमध्ये जातात.

रॅक_नंबर_सात
एक गोष्ट सांगायची राहिली, कारण कागदावरचे मेगावॅट-तास आणि हातात येणारे यात फरक असतो.
एका ठिकाणी ५० मेगावॅट दोन तास द्यायची पहिली मोठी परीक्षा होती. स्क्रीनवर चार्ज भरपूर दिसत होता. दीड तास सगळं झकास. मग २२ टक्के दाखवत असताना एक रॅक, म्हणजे सेलची एक मांडणी, सुटला, मिनिटभरात दुसरा, मग एका कंटेनरमधले ओळीने. खट् खट् खट् असे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, पडताना ऐकू येत होते. दोन तास पूर्ण झालेच नाहीत.
कारण काय, तर या फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, ३.२-३.३ च्या आसपास. ८० टक्के भरलाय की ३० हे व्होल्टेजवरून कळत नाही. मग सिस्टिम आत-बाहेर गेलेला करंट मोजून अंदाज धरते आणि छोट्या चुका साठत जातात. त्यात एका ओळीत शेकडो सेल, त्यातला सर्वात कमकुवत रिकामा झाला की अख्खी ओळ थांबते. आम्ही आठवडाभर सगळ्या कंटेनरना एकदा काठोकाठ भरून, सेल समतोल करून पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा पास. हे सांगतोय कारण कंट्रोल रूममधला माणूस स्क्रीनवरच्या २२ टक्क्यांवर विश्वास ठेवून बसलेला असतो.

जुना_फीडर
हे वाचून घाम फुटला. आमच्या वेळी धरणात पाणी किती आहे ते पट्टी लावून बघता यायचं.
आणि अजून एक. बॅटरीचा इन्व्हर्टर, म्हणजे तिची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारं यंत्र, कसला आहे तेही बघावं लागतं. बरेच इन्व्हर्टर ग्रिडची लय ऐकून तिच्यामागे चालतात. लयच गेली तर ते गप्प बसतात. नवे काही स्वतः लय धरणारे असतात, ते अंधारातून ग्रिड उभं करायलाही उपयोगी पडतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात एल सेंट्रोला बॅटरीच्या जोरावर गॅस टर्बाइन सुरू करून दाखवलं होतं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल बंद पडलं तेव्हा गडबड व्होल्टेज चढत जाण्याची होती, प्रकल्प एकामागून एक सुटत गेले. अशा वेळी व्होल्टेज सांभाळणारे इन्व्हर्टर जागेवर असणं लाखमोलाचं.

कातरवेळ
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, मग भावाला मोठ्याने वाचून दाखवले. तो सडेतोडच्या ४ लाख ८० हजारांवर अडकला, मी ऊनसावलीच्या संध्याकाळवर. मी १२ तासांची रात्र एकसारखी काळी धरून बसले होते, त्यातले अवघड तास कुठले हे बघितलंच नव्हतं. भावाने आता एक प्रश्न पाठवलाय, तसाच टाकते: "मान्य, दहा दिवस जमणार नाहीत. पण मग वर्षातले बाकीचे दिवस तरी कोळसा पूर्ण बंद ठेवता येईल ना?"

सडेतोड
भावाला सांगा, बरेचसे दिवस हो. मी त्याच्या विरोधात नाहीये. पण ते दहा दिवस कोण सांभाळणार आणि वर्षभर नुसतं उभं राहायचे त्याला पैसे कोण देणार हे आधी ठरवा, मग बंद करा. उलट क्रमाने केलंत तर ऑगस्ट २०२० होतो.

जुना_फीडर
आणि बंद करताना त्या संचांचं फिरतं वजनही जातं हे विसरू नका. दक्षिण ऑस्ट्रेलियाने कोळसा संपल्यावर सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून चार अवजड यंत्रं बसवली, जी वीज तयार करत नाहीत, नुसती फिरतात. भाऊ इकडे कधी आले तर त्यांना कंट्रोल रूमची भिंत दाखवायला घेऊन जाईन, अजून ओळखीचे आहेत तिथे. संध्याकाळी साडेसहाला यायला सांगा, तेव्हाच बघण्यासारखं असतं.